सलामे पास्टर आणि तिसरी पुकार

सलामे पास्टर आमच्या वरच्या मजल्यावर आले तेव्हा मी त्यांना सहा महिन्यांत घालवायचं ठरवलं होतं. ते सात वर्षं राहिले. गेल्या मे महिन्यात त्यांची बदली झाली, तर ते गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी दोन दिवस गिरणी उघडली नाही आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, मोटर जळली. खोटं बोलायची मला सवय नाही. पण रडून डोळे सुजलेत हे कोणाला सांगणार, आणि तेही एका पास्टरसाठी!

बोईसरला, कुंभवलीच्या रस्त्याला आमची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, मागच्या दोन खोल्यांत मी, आणि वर एक लांबलचक हॉल, त्याच्या मागे एक खोली. आमचे हे गेल्यावर तो हॉल भाड्याने द्यायचं मनात होतं. एक दिवस दलाल एका बुटक्या, सावळ्या, पन्नाशीच्या माणसाला घेऊन आला. अंगात राखाडी शर्ट, गळ्याशी पांढरी पट्टी. आमच्या इकडे किरिस्तांव म्हटलं की वसईच आठवते, म्हणून मी विचारलं, "तुमी वसईकडचे का?"

"नाही जी, आम्ही लुथरन."

मला काय कप्पाळ कळणार! मी म्हटलं, असेल कुठलं तरी गाव. "कोणत्या स्टेशनला उतरायचं?" असंच विचारलं. माणूस हसला नाही. अगदी सरळ चेहऱ्याने त्यांनी सांगितलं, की आपण पांढुर्ण्याकडचे, संत्र्यांच्या बागांतले, आणि लुथरन हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ आहे. पुढे त्यांच्या बायकोने मला सांगितलं, की त्या दिवशी घरी जाऊन हे सांगताना ते हसून हसून खुर्चीवरून पडायचेच राहिले होते.

त्यांना हॉल चर्चसाठी हवा होता आणि मागची खोली राहायला. माझी एकच अट होती. "रविवारी गिरणी बंद राहणार नाय." रविवार म्हणजे माझा धंद्याचा दिवस. सगळी कॉलनी त्याच दिवशी डबे घेऊन येते. मला वाटलं, आता हे घासाघीस करतील, देवाचं नाव काढतील, मग मी त्यांना वाटेला लावीन.

"गिरणी काहून बंद करायची?" ते म्हणाले. "लोकांना भाकर लागते जी. मी जोरानं बोलीन."

आणि बोलले हो! वर उपदेश, खाली घरघर. सव्वा महिना हा माणूस घसा फाडून देवाचं सांगत होता आणि माझी गिरणी गव्हाचं. शेवटी त्यांचा आवाज बसला आणि मलाच लाज वाटली. मग आमचं ठरलं. प्रार्थनेची वेळ झाली की त्यांनी वरून तीनदा पाय आपटायचा, मी खालून मोटर बंद करायची. दहा मिनिटं. गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झाली. पदर घेतलेल्या बिहारच्या बायका, डोंगरातून बाजाराला आलेल्या आमच्या बायका, सगळ्या डबे कडेवर घेऊन गप्प उभ्या राहायच्या. वर आमेन झालं की मी खटका दाबायची.

त्यांच्या चर्चची मंडळी म्हणजे सगळी कारखान्यातली माणसं. झारखंडची, ओडिशाची, थोडी तेलुगू. इथे माणसं घड्याळावर जगत नाहीत, पाळीवर जगतात. कोणी सकाळी सातला घरी येतो, कोणी दुपारी तीनला. पास्टरांनी काय करावं? रविवारची उपासना दोनदा घ्यायला सुरुवात केली. सकाळी साडेसातला तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या पाळीवाल्यांची, दुपारी चारला पहिल्या पाळीवाल्यांची. तोच उपदेश, तीच गाणी, तोच घाम. कमिटीवाले म्हणाले, एकदाच घ्या, ज्याला जमेल तो येईल. पास्टर म्हणाले, "काहून? देव काय पंचिंग करून घरी जातो का?"

असं काहीतरी बोलायचे आणि मग आपणच मान हलवत बसायचे. दुसरं त्यांचं पालुपद म्हणजे "घाई नाही जी". नळाला पाणी येत नाही, घाई नाही जी. हॉलचा पंखा सहा महिने बंद, घाई नाही जी. माझ्या स्वभावाला हा माणूस म्हणजे मिरचीवर गूळ. मी वाणगावची माहेरवाशीण, आमच्याकडे मिरच्याच पिकतात, आणि लोक म्हणतात की मी त्यातलीच एक.

त्यांच्या गळ्यातली ती पांढरी पट्टी त्यांनी कपडे धुवायच्या लिक्विडच्या रिकाम्या बाटलीतून कापलेली असायची. विकतची महाग पडते आणि पिवळी पडते म्हणे. एका रविवारी घाईत उलटी घातली. त्या दिवशी मात्र घाई होती! गळ्यावर निळ्या अक्षरांत अर्धं 'चमकदार' लिहिलेलं, आणि हे पाऊण तास पापावर बोलत होते. मंडळी टक लावून बघत होती, पण सांगायला कोणी धजेना. शेवटी जिन्यात मी सांगितलं. त्यांनी पट्टी काढून बघितली आणि म्हणाले, "तरीच. मी म्हटलं आज उपदेश फारच लागतोय लोकांना."

एकदाच आमचं भांडण झालं, आणि ते बोंबलावरून. चिंचणीच्या बाजारातून मी ताजे बोंबील आणले, रवा लावून तळले, आवडीने वर पाठवले. हे खाऊन खाली आले आणि म्हणाले, "चव चांगली आहे ताई, पण मासा आहे का भिजलेला रुमाल?" तीन दिवस मी बोलले नाही. चौथ्या दिवशी ते पांढुर्ण्याहून आलेली संत्री घेऊन आले. मी एक सोलून खाल्लं आणि म्हटलं, "बरं हाय. पण फळ हाय का औषध?" तेव्हा कुठे फिटंफाट झाली.

औषधावरून आठवलं. त्यांच्याकडे एक काळी पेटी होती, डब्याएवढी. ती घेऊन ते दुपारी सायकलवरून कुंभवलीच्या चाळींकडे जायचे. मी आपली समजले की होमिओपॅथीच्या गोळ्या देतात. एक दिवस अडवलंच. "माझ्या गुडघ्याला द्या की चार गोळ्या." पास्टरांनी पेटी उघडून दाखवली. आत एक चिमुकला पेला, एक बाटली आणि कागदात गुंडाळलेल्या पातळ पांढऱ्या चकत्या. जो आजारी माणूस चर्चला येऊ शकत नाही त्याला हे त्यांचं प्रभुभोजन घरी नेऊन द्यायचं असतं. "गुडघ्याला नाही लागत हे," ते म्हणाले. "पण गुडघ्यासाठी प्रार्थना करतो." केली पण. गुडघा तसाच आहे, ते सोडा.

आता खरी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही, आणि मी किती मूर्ख आहे तेही कळायचं नाही.

त्यांच्या मंडळीत पतरस म्हणून होता. पंचवीस वर्षांपूर्वी झारखंडहून आलेला, कारखान्यात ऑपरेटर. डाव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेलेली, पण ते कसं झालं हे कोणी विचारलेलं त्याला खपत नसे. बायको वारलेली. कमिटीतला वजनदार माणूस. त्याच्या शब्दावर वीस घरं चर्चला यायची आणि वीस घरं जायची. त्याची एकुलती मुलगी रोशनी. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, आणि रविवारी दळण टाकलं की माझ्यापाशी पोत्यावर बसून गप्पा मारायची. मला मूलबाळ नाही. त्या पोरीत माझा जीव अडकला होता, हे आता लपवून काय करू?

तिचं लग्न ठरलं अनुपशी. अनुप त्यांच्याच मंडळीतला, अबोल, उंच पोरगा, दोन वर्षांपूर्वी वापीहून इकडे कामाला आलेला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, पतरसनेही मान डोलावली होती. बोलणी आमच्या वरच्या हॉलमध्येच झाली. एकट्या पोराची खोली बघायला कोण जातं?

त्यांच्यात एक रीत आहे. लग्न ठरलं की तीन रविवार भर उपासनेत दोघांची नावं पुकारतात आणि विचारतात, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने आता सांगावं. कोणी काही सांगत नाही. तिसऱ्या पुकारीनंतर लग्न लागतं. हे सगळं गिरणी बंद असायची त्या दहा मिनिटांत व्हायचं, म्हणून मला खाली शब्दन् शब्द ऐकू यायचा. पहिल्या पुकारीला मी बरणीतले पेढे वाटले.

आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, अनुप दळण घेऊन आला. नाचणी. नाचणी तो दर पंधरा दिवसांनी आणायचा, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझं डोकं त्याच्यावरच होतं ना. "मावशी, खूब बारीक," तो म्हणाला. "दो बार छानना. गले में अटकना नहीं चाहिए."

आता मला सांगा, चोवीस वर्षांचा ठोंब्या दोनदा चाळलेली नाचणी कशाला खाईल? गिरणीवालीला माणसाचं घर दळणावरून कळतं. दोनदा चाळलेली नाचणी म्हणजे पेज, आणि पेज म्हणजे तान्हं बाळ. तेवढ्यात त्याची पिशवी कलंडली आणि आतून मेडिकलमधलं लंगोटांचं पाकीट बाहेर आलं. त्याने ते घाईघाईने आत कोंबलं, माझ्याकडे न बघता.

झालं! वापीला एक बायको आहे, एक पोर आहे, आणि हा इकडे माझ्या रोशनीला फसवतोय. दोन रात्री मला झोप नाही. पास्टरांना जाऊन सांगावं, एवढी साधी अक्कल मला सुचायला हवी होती. नाही सुचली. रविवारी वरून तीनदा पाय आपटला, मी मोटर बंद केली, नावं पुकारली गेली, दुसरी वेळ. "कोणाची हरकत असल्यास त्याने आता सांगावं." मी जिन्याच्या तळाशी कधी गेले ते मलाच कळलं नाही.

"हाय! माझी हरकत हाय!"

वर खुर्च्या सरकल्या. पास्टर जिन्याच्या वर आले, पुस्तक हातात तसंच. पतरस त्यांच्या मागे, लालबुंद. "अरे, ही बाई आपल्या मंडळीची पण नाय! ये कौन होती है हरकत लेनेवाली?"

पास्टर म्हणाले, "दर वेळी विचारतो ना आपण? विचारलं आहे तर ऐकलं पाहिजे."

उपासना संपवून त्यांनी आम्हाला हॉलमागच्या खोलीत बसवलं. मी, पतरस, अनुप. मी नाचणीपासून लंगोटांपर्यंत सगळं सांगून टाकलं. पतरस अनुपकडे वळला. "बोल."

"मेरा कोई बच्चा नहीं है," अनुप म्हणाला.

"मग नाचणी कोणासाठी?" मी.

पोरगा गप्प. खाली मान. एकदा फक्त त्याने पास्टरांकडे बघितलं आणि पास्टरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. पतरसने दोनदा, तीनदा विचारलं. शेवटी खुर्चीला लाथ मारली. अनुपच्या डोळ्यांत पाणी आलं पण तोंड उघडलं नाही. मला वाटलं, बघा, चोर सापडला.

पास्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की हरकत आली आहे, चौकशी होईपर्यंत तिसरी पुकार होणार नाही. पतरस म्हणाला, माझ्या पोरीची इज्जत तुम्ही चव्हाट्यावर आणली, आता आम्ही या चर्चमध्ये पाय ठेवणार नाही. सगळ्यांना वाटलं, रागाच्या भरात बोलतोय. पण पुढच्या रविवारी खरंच वीस घरं आली नाहीत. वर फक्त अकरा माणसं होती, मी चपला मोजल्या. पास्टर तेवढ्याच जोरात गायले. मोकळ्या हॉलमध्ये तो आवाज ऐकून मला खाली नीट उभं राहवेना.

मधल्या दिवसांत रोशनी गिरणीत आली. पोत्यावर बसली नाही. "मावशी, तुम्ही बाळ बघितलं?"

"नाय."

"त्याची बायको?"

"नाय गं."

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तुम्ही बोललात त्याचं मला वाईट वाटत नाही. तो बोलत नाही, त्याचं वाटतं. असाच गप्प राहिला तर मी लग्न करणार नाही." आणि डबा तसाच विसरून गेली. त्या पोरीचं लग्न माझ्या जिभेवर टांगलं होतं. खरं असेल तर तिचं वाटोळं, खोटं असेल तर माझ्या हातून वाटोळं. मला गिरणीचा आवाज नकोसा झाला.

त्या रिकाम्या रविवारनंतर पास्टर आठवडाभर रोज दुपारी ती पेटी घेऊन बाहेर जायचे आणि उतरलेल्या तोंडाने परत यायचे. मी विचारलं, काय झालं चौकशीचं? "घाई नाही जी," म्हणाले, पण या वेळी आवाजात जोर नव्हता. शुक्रवारी मात्र खाली आले आणि म्हणाले, "उद्या तीनला पहिली पाळी सुटल्यावर चौकशी. जिची हरकत ती जाईल, आणि मुलीचा बाप जाईल. अनुपच्या खोलीवर. मी येणार नाही."

"तुमी का नाय?"

"मी नाही येऊ शकत ताई," एवढंच.

शनिवारी मी आणि पतरस निघालो. रस्ताभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. अनुप दारात उभा होता. त्याने आम्हाला अडवलं नाही, फक्त बाजूला झाला. खोलीत पाळणा नव्हता, बाई नव्हती. एक खाट होती आणि खाटेवर एक म्हातारा. अर्धं अंग लुळं, तोंड एका बाजूला ओढलेलं. उशाशी वाटीत नाचणीची पेज. कोपऱ्यात लंगोटांचं पाकीट, आणि ते मोठ्या माणसांचं होतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मी पतरसकडे बघितलं, त्याला म्हणणार होते की बाबा, मी चुकले. पण पतरस माझ्याकडे बघतच नव्हता. म्हाताऱ्याने त्याला ओळखलं आणि चांगला हात उचलून आपलं तोंड झाकून घेतलं. त्या हाताआडून एकच शब्द आला, वाकडातिकडा. "पतरू."

तो योहन. पतरसचा सख्खा थोरला भाऊ.

पुढचं सगळं पतरसने मला परत येताना सांगितलं, काही त्याला ठाऊक होतं, काही अनुपने सांगितलेलं. दोघे भाऊ एकाच मशीनवर होते. योहन दारू पिऊन पाळीला आला, आणि पतरसचा हात आत असताना त्याने बटण दाबलं. बोटं गेली. पतरस इस्पितळातून म्हणाला, "ह्याचं तोंड बघणार नाही, मेला तरी मला कळवू नका." योहन त्याच दिवशी निघून गेला. वापीला कुठल्या तरी ठेकेदाराकडे राबला. दारू सोडली. मग अंगावरून वारं गेलं आणि ठेकेदाराने त्याला खोलीबाहेर काढलं. त्याच खोलीत राहणाऱ्या अनुपने, ज्याचा तो कोणीही नव्हता, त्याला पाठीवर घेऊन बोईसरला आणलं. रोशनीशी लग्न ठरलं तेव्हा अनुपला कळलं की हा तिचा काका. योहनने त्याला देवाची शपथ घातली, भावाला कळता कामा नये. लग्नानंतर हळूहळू सांगू, असं त्या वेड्या पोराने ठरवलं होतं.

पण हे सगळं नंतर. त्या वेळी पतरस उंबऱ्यातच उभा होता. मला वाटलं, आता हा थुंकेल आणि जाईल. मग तो अनुपला म्हणाला, "खाल्लं का याने?"

"अभी नहीं."

पतरस खाटेवर बसला. वाटी घेतली, तीन बोटांच्या हातात नीट धरली, आणि भावाच्या तोंडावरचा हात हळूच बाजूला केला. "खा दादा," म्हणाला. मी बाहेर येऊन चाळीच्या गटारापाशी उभी राहिले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

परत आले ती तरातरा जिना चढून वर गेले. पास्टर एकटेच खुर्च्या पुसत होते.

"तुमाला माहीत होतं! ती पेटी घेऊन तुमी तिथेच जात होतात!"

"हाव."

"पहिल्या दिवशी माहीत होतं! मी हरकत घेतली तेव्हाच सांगायचं होतं की ही बाई खुळी हाय!"

"कसं सांगणार जी? योहनने माझ्याकडून शब्द घेतला होता. माझ्यापाशी माणसं सांगतात, ते पोटात ठेवायचं, हे माझं अर्धं काम आहे." ते खुर्चीवर बसले. तेव्हा मला दिसलं, आठवड्यात हा माणूस किती वाळला होता. "आठवडाभर त्याला म्हणत होतो, मला मोकळं कर. नाही म्हणाला. शेवटी सांगितलं, मी तोंड उघडणार नाही, पण चौकशी आली तर दारात आडवा पण होणार नाही. मग त्याने डोळे मिटून घेतले. त्यालाच मी हो समजलो."

"आणि वीस घरं गेली ती? तुमची नोकरी गेली असती तर?"

"गेली असती तर गेली असती," ते म्हणाले. मग हसले. "दीड वर्ष मी देवाला सांगत होतो ताई, या दोघा भावांचं काहीतरी कर. मला वाटलं एखादा चांगला उपदेश सुचवील. त्याने तुम्हाला ओरडायला लावलं."

पुढच्या रविवारी तिसरी पुकार झाली. त्याआधी मला वर जाऊन सगळ्यांसमोर हरकत मागे घ्यायची होती. हॉल भरला होता, पतरस आणि त्याची वीस घरं पहिल्या रांगांत. मी म्हटलं, "माझी हरकत नाय. मी चुकले. पोरगा सोन्यासारखा हाय." मागून कोणीतरी आमेन म्हणालं. पास्टरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, हरकत आली, चौकशी झाली, हरकत मागे घेतली, आणि माझी सही घेतली. त्या जाड वहीत माझं नाव कायमचं आहे. लग्नात योहनला प्लास्टिकच्या खुर्चीसकट चौघांनी वर आणलं. पुढच्या बाजूला अनुप आणि पतरस. नवरा मुलगा घामाने भिजलेला, पण रोशनीचा चेहरा बघायला हवा होता.

योहन पतरसच्या घरी राहायला गेला. पतरसने साहेबांना सांगून कायमची तिसरी पाळी मागून घेतली, म्हणजे दिवसा भावाचं करता येईल. रात्री अनुप आणि रोशनी बघायचे. फक्त एक गोष्ट झाली नाही. पतरसने पास्टरांची माफी मागितली नाही. चर्चला यायचा, जोरात गायचा, हात जोडायचा, पण तो विषय काढायचा नाही. मला चीड यायची. पास्टर तर त्यांना आठवणही नसावी असं वागायचे.

मे महिन्यात बदलीचं पत्र आलं, बैतूलकडच्या एका मंडळीला. निरोप रविवारी झाला, भाषणं झाली, शालीही झाल्या. सोमवारी सकाळी अकराला टेम्पो भरून तयार होता. पाळकीणबाई, म्हणजे पास्टरांची बायको, पुढे बसल्या. पास्टर म्हणाले, "पाच मिनिटं. योहनला भेटून येतो." मी पण गेले बरोबर.

दार नुसतं लोटलेलं होतं. पास्टरांनी ढकललं. खाटेवर योहन झोपला होता आणि खाली चटईवर, कारखान्याचे कपडे न बदलता, पतरस. दोघे एकाच ठेक्यात घोरत होते. पास्टर उंबऱ्यात उभे राहून बघत राहिले. टेम्पोवाल्याचा हॉर्न दोनदा वाजला.

"उठवा की!" मी कुजबुजले. "परत कधी भेटणार?"

त्यांनी मान हलवली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि डोळे पुसत रस्त्याला लागले. टेम्पोत बसताना त्यांनी मला नमस्कार केला, मी पण केला.

बाराच्या पुढे पतरस धावत गिरणीत आला. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. "पास्टर गेले?"

"तास झाला."

"मला उठवलं नाय?"

"मी म्हटलं होतं उठवा. नाय ऐकलं."

तो मटकन पोत्यावर बसला. "मला माफी मागायची होती मावशी. काल सगळ्यांच्या समोर जमलं नाय. म्हटलं, सकाळी घरी येतील तेव्हा मागतो. पाळीवर रात्रभर पाठ केलं होतं."

मी मोटर बंद केली, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. टेम्पोचा खडखडाट आला आणि मग त्यांचा आवाज. "बोला ताई." मी फोन पतरसच्या तोंडापुढे धरला. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. "पास्टर..." एवढंच आलं. पाठ केलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. तो नुसता हुंदके देत राहिला. तिकडून नुसता रस्ता ऐकू येत होता.

"पतरस?" मग पास्टर म्हणाले. "अरे बाप्पा, साडेबारा वाजले. योहनला भरवलं का?"

पतरसने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "नाय!" म्हणाला, आणि उठून जो पळत सुटला, तो एक चप्पल माझ्या दारात टाकून.

मी फोन कानाला लावला. "गेला तो. पळाला."

तिकडे पास्टर एवढे हसले, एवढे हसले, की टेम्पोवाला त्यांना विचारत होता, काय झालं साहेब.